सोरायसिसमध्ये आयएल-१७, आयएल-२३ आणि टीएनएफ नेमकं काय करतात?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या शिक्षिका आहेत. ११ वर्षांपासून त्यांना सोरायसिस आहे; कोपर, गुडघे, डोकं आणि कमरेभोवती चट्टे आहेत. दोन वर्षं मेथोट्रेक्सेट घेतलं, आधी छान फरक पडला, आता पडत नाही. त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 'आयएल-१७ चं इंजेक्शन' सुचवलंय. त्या विचारतात, आजार कातडीचा आहे, मग इंजेक्शन प्रतिकारशक्तीवर कशाला? माझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का? सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात, तो चालेल का? औषध थांबलं की चट्टे हटकून जुन्याच जागी का उगवतात? आणि शेवटी, जाता जाता, त्यांनी लिहिलंय की दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे.

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत. गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका खरा आहे. गोळी बंद केल्यावरही काही महिने थांबावं लागतं, सहसा ३ ते ६. नेमकं किती ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्यांना हा विचार सांगितला नसेल तर उद्याच सांगा, कारण त्यावर पुढची सगळी निवड बदलते.

आता प्रतिकारशक्तीचं. ती कमी झालेली नाही. गेली २६ वर्षं मी हा आजार रोज बघते आणि दर आठवड्याला कुणीतरी मला हाच प्रश्न विचारतं, म्हणून सविस्तर सांगते.

तुमचा कोपरावरचा चट्टा आठवा. त्याला नखं लागतात, थंडीत भेगा पडतात, कधी रक्त येतं. अशा कातडीत जंतू शिरून पू व्हायला हवा. तो सहसा होत नाही. याउलट माझ्याकडे इसब असलेली लहान मुलं येतात, त्यांची त्वचा वारंवार चिघळते, पाझरते, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरते, कारण स्टॅफिलोकॉकस हा जंतू तिथे ठाण मांडून बसलेला असतो. सोरायसिसच्या चट्ट्यात त्याला सहजी थारा मिळत नाही. तिथली त्वचा जंतू मारणारी प्रथिनं भरमसाठ तयार करत असते. त्यातलं एक, बीटा-डिफेन्सिन-२, जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी १९९७ साली पहिल्यांदा वेगळं काढलं, ते सोरायसिसच्या रुग्णांच्या खपल्यांमधूनच. ज्या खपल्या आपण अंथरुणातून लाजत झाडून टाकतो, त्यात इतकं जंतुनाशक द्रव्य भरलेलं असतं. अशी त्वचा दुबळी कशी म्हणायची? ती न आलेल्या शत्रूशी लढते आहे.

लढायला तिला सांगतं कोण, इथे ती नावं येतात. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. ही छोटी प्रथिनं असतात. एक पेशी ती सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावर नेमकं त्याच निरोपासाठी ग्रहण करणारं प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात, आणि निरोप तिथे बसला की त्या पेशीचं वागणं बदलतं. इंटरल्यूकिन, म्हणजे आयएल, हे अशाच निरोपांच्या एका मोठ्या घराण्याचं नाव. पुढचा आकडा ओळखीपुरता. टीएनएफ हाही निरोपच. निरोगी शरीरात हे सगळे आपापलं काम करतात. आयएल-१७ नसेल तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे: ज्या मुलांमध्ये जन्मतः ही वाट बंद असते, त्यांच्या तोंडात, नखांत, त्वचेवर कॅन्डिडाची बुरशी पुन्हा पुन्हा होते. म्हणजे हा निरोप वाईट नाही. सोरायसिसमध्ये तो थांबत नाही, एवढंच त्याचं चुकतं.

तो काय करतो ते ओपीडीत डोळ्यांनी दिसतं. नवा रुग्ण आला की मी काचेच्या स्लाइडच्या कडेने चट्टा हलकेच खरवडते. आधी पांढरा भुगा पडतो, मेणबत्तीचं मेण नखाने खरवडावं तसा. आणखी खरवडलं की खाली पातळ, ओलसर, चकचकीत पापुद्रा लागतो. तोही निघाला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात, एकापाशी एक. याला ऑस्पिट्झची खूण म्हणतात. हाइनरिश ऑस्पिट्झ हे एकोणिसाव्या शतकातले व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ. निदानासाठी ही खूण मी अजून जपते, आणि रुग्णाला आजार समजावण्यासाठी याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

पांढरा भुगा का? निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात हाच प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो. आयएल-१७ आणि आयएल-२२ यांचे निरोप पेशींना 'वाढा, वाढा' म्हणत राहतात. पेशी नीट पक्व न होता, पोटात केंद्रक तसंच ठेवून वर येतात आणि थरावर थर साचतो. त्या थरांमध्ये हवा अडकते, म्हणून खपली चंदेरी दिसते. रक्ताचे ठिपके का? त्वचा जाड होताना तिचे पट्टे बोटांसारखे खाली उतरतात आणि त्या बोटांच्या मधल्या जागेत केशवाहिन्या फुगून, वळसे घेत पार वरपर्यंत येतात. त्यांच्या माथ्यावर त्वचेचा थर उलट पातळ झालेला असतो. चट्टा लालही त्यांच्यामुळेच दिसतो. आणि सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या खपलीत पांढऱ्या पेशींचे, न्यूट्रोफिलचे, छोटे पुंजके दिसतात. त्यांना तिथे बोलावणारी रसायनं त्वचेच्याच पेशी सोडतात, तेही आयएल-१७ च्या सांगण्यावरून.

आयएल-१७ चा निरोप येतो टी-पेशींकडून, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडून. टी-पेशींना चेतवत ठेवतं आयएल-२३, जे त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे धोक्याची वर्दी देणाऱ्या पहारेकरी पेशी, सोडतात. आयएल-१७ मिळालेली त्वचेची पेशी गप्प बसत नाही; ती उलट रसायनं सोडून आणखी टी-पेशी आणि आणखी डेंड्रायटिक पेशी बोलावते. त्या आल्या की आणखी आयएल-२३, त्यातून आणखी आयएल-१७. टीएनएफ या प्रत्येक टप्प्यावर आगीत तेल ओततो. आयएल-१७ आणि टीएनएफ दोन्ही एकदम मिळाले की त्वचेच्या पेशी जेवढ्या पेटतात, तेवढ्या एकेका निरोपाने पेटत नाहीत. असं हे वर्तुळ आपल्याआपण फिरत राहतं. म्हणून 'कातडीचा की प्रतिकारशक्तीचा' या तुमच्या प्रश्नाला दोन्ही, हेच उत्तर आहे. त्वचा यात नुसता मार खाणारी नाही, तीही बोलणारी आहे.

हे कळायला फार वर्षं लागली, आणि ते बरंचसं औषधांनी शिकवलं. कित्येक दशकं हा केवळ त्वचेच्या पेशींच्या बेसुमार वाढीचा आजार मानला जायचा. १९७९ साली सायक्लोस्पोरिन दिलेल्या काही सांधेदुखीच्या रुग्णांचे चट्टे साफ झाल्याचं छापून आलं. सायक्लोस्पोरिन हे अवयव प्रत्यारोपणातलं, टी-पेशींना आवरणारं औषध. मग संशय टी-पेशींवर गेला. पुढे बरीच वर्षं सगळ्यांचा समज होता की यातला मुख्य निरोप आयएल-१२ आहे. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झालं, तेच पुढे उस्टेकिन्युमॅब. दरम्यान २००० साली आयएल-२३ सापडलं आणि गंमत अशी निघाली की आयएल-१२ आणि आयएल-२३ या दोघांचा एक तुकडा सारखाच आहे, पी-४० नावाचा. उस्टेकिन्युमॅब नेमकं त्या सामाईक तुकड्याला धरतं, म्हणजे दोन्ही निरोप अडवतं. २००९ मध्ये ते बाजारात आलं आणि रुग्णांना गुण येऊ लागला. पण गुण कुणाला अडवल्यामुळे? याचं उत्तर मिळालं ते फक्त आयएल-२३ चा वेगळा तुकडा, पी-१९, अडवणारी औषधं आली तेव्हा. आयएल-१२ ला हातही न लावता चट्टे जास्तच साफ झाले. म्हणजे बाण सुटला एका लक्ष्यावर आणि लागला त्याच्या जुळ्या भावाला.

फसलेले प्रयोगही मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. चट्ट्यात इंटरफेरॉन-गॅमा भरपूर सापडतं. ते अडवून पाहिलं, फारसा फरक पडला नाही. आयएल-२२ त्वचा जाड करतं हे प्रयोगशाळेत स्वच्छ दिसतं. ते एकटं अडवून रुग्णांना अपेक्षित गुण आला नाही. एखादं रसायन चट्ट्यात सापडलं म्हणजे तेच आजार चालवतंय असं होत नाही. 'रक्तात अमुक वाढलंय' असं सांगून महागड्या तपासण्या करायला लावणाऱ्यांपासून त्यासाठीच सांभाळून राहा. सोरायसिसच्या रोजच्या उपचारात रक्तातलं आयएल-१७ मोजून काही ठरवलं जात नाही.

हे वर्तुळ पहिल्यांदा सुरू कसं होतं? प्रवृत्ती बरीचशी जन्माबरोबर येते. एचएलए-सी०६:०२ हा जनुकाचा प्रकार त्यात सगळ्यात ओळखीचा. पण प्रवृत्तीला निमित्त लागतं. लहान वयात घसा सुजून आठ-पंधरा दिवसांत अंगावर थेंबांसारखे चट्टे उठतात, त्यामागे स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग असतो. काही जणांत रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, लिथियम किंवा क्लोरोक्वीन निमित्त होतं. आणि साधी इजासुद्धा पुरते. तुम्ही कमरेभोवती चट्टे आहेत असं लिहिलंय. साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवर मी नेहमी बघते, परकराच्या नाडीचा काच जिथे पडतो तिथे बरोबर पट्टा उठलेला असतो. दुखावलेल्या पेशी एलएल-३७ नावाचं प्रथिन सोडतात. ते मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि एरवी आपल्या डीएनएकडे दुर्लक्ष करणाऱ्या डेंड्रायटिक पेशींना विषाणू आल्यासारखं भासवतं. २००७ साली हे उलगडलं. म्हणून नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा, चट्टा दगडाने घासू नका. सल्ला साधा वाटेल, पण तो थेट या रसायनांशी जोडलेला आहे.

चट्टे त्याच जागी परत येतात, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. चट्टा बरा झाला, त्वचा अगदी नितळ दिसली, तरी काही टी-पेशी तिथून जात नाहीत. त्या त्वचेतच मुक्काम करतात, वर्षानुवर्षं, आणि निमित्त मिळालं की आयएल-१७ सोडायला सज्ज असतात. रक्ततपासणीत त्या दिसत नाहीत, कारण त्या रक्तात नसतातच. जुनं औषध तुम्ही चुकीचं घेतलं म्हणून चट्टे परत आले, असं मनाला लावून घेऊ नका. आयएल-२३ अडवणाऱ्या औषधांनी इंजेक्शन लांबवलं तरी गुण बराच काळ टिकतो, त्यामागे या मुक्कामी पेशी कमी होत असाव्यात असा अंदाज आहे. नव्या रुग्णांना लवकर उपचार मिळावेत असं मला वाटतं, ते यामुळेच.

टीएनएफबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तो त्वचेपुरता थांबत नाही. सांध्यांची सूज त्याच्या जोरावर वाढते. सोरायसिस असलेल्या दर दहातल्या दोन-तिघांना कधी ना कधी सांध्यांचा त्रास होतो. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली असणं, एखादं बोट सगळंच्या सगळं सुजणं, टाच दुखणं, हे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शिक्षक मंडळी फळ्यावर लिहून हात दुखतो म्हणून सोडून देतात. पोटावरची चरबीसुद्धा टीएनएफ आणि आयएल-६ सोडते. म्हणून वजन उतरलं की औषध जास्त लागू पडतं, हे मी कितीतरी रुग्णांत पाहिलंय. वांगं आणि आंबट बंद करून चट्टे गेलेले मात्र मी पाहिलेले नाहीत.

एक निरोप तुमच्या चिठ्ठीत नाही, पण त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही: आयएल-३६. काही वर्षांपूर्वी एक ट्रकचालक आमच्याकडे आला. 'गॅरंटीचा इलाज' म्हणून कुणीतरी दिलेल्या पुड्या तो दीड वर्ष घेत होता. पुड्यांनी चट्टे गेले, चेहरा गोल झाला, भूक वाढली. ही सगळी स्टेरॉइडची लक्षणं. पुड्या संपल्या आणि आठ दिवसांत अंगभर लाली पसरली, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळ्या पुळ्या, शेकड्याने, काही ठिकाणी एकमेकींत मिसळून पुवाची तळी झालेली. अंगात सपाटून ताप, हातपाय थरथरत. त्या पुळ्यांतला पू तपासला तर त्यात एकही जंतू नव्हता, नुसत्या न्यूट्रोफिल पेशी. हा पुळ्यांचा सोरायसिस, आणि तो जिवावर बेततो. २०११ साली ट्युनिशियातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं की यातल्या काही रुग्णांत आयएल-३६ ला लगाम घालणारं प्रथिनच जन्मतः सदोष असतं. त्यावरून आयएल-३६ चा रिसेप्टर अडवणारं स्पेसोलिमॅब तयार झालं. एका चाचणीत शिरेतून एकदा दिल्यावर आठवड्याभरात ५४ टक्के रुग्णांच्या पुळ्या दिसेनाशा झाल्या, नुसतं सलाइनसारखं खोटं औषध मिळालेल्यांत ६ टक्के. आमच्या रुग्णाला ते मिळण्यासारखं नव्हतं, सायक्लोस्पोरिनवर तो तीन आठवड्यांत सावरला. सोरायसिससाठी पोटातून स्टेरॉइड घेऊ नका आणि लेबल नसलेली पुडी तर घेऊच नका. घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता तुमच्या इंजेक्शनाकडे. सेक्युकिन्युमॅब किंवा इक्सेकिझुमॅब आयएल-१७ ला बांधून ठेवतं, निरोप पोचूच देत नाही. गुण लवकर दिसतो, पुष्कळांना पहिल्या महिन्यातच. गुसेल्कुमॅब, रिसँकिझुमॅब ही आयएल-२३ अडवणारी. वर्तुळाच्या वरच्या टोकाला हात घालतात, थोडी सावकाश चालतात, पण टिकतात. दोघांची समोरासमोर चाचणी झाली, तेव्हा ४८ आठवड्यांनंतर चट्टे ९० टक्के किंवा जास्त कमी झालेले रुग्ण गुसेल्कुमॅबवर ८४ टक्के होते आणि सेक्युकिन्युमॅबवर ७० टक्के. म्हणून आयएल-१७ चं कमी दर्जाचं असं नाही. मणक्याच्या सांध्यांचा त्रास असेल तर मी आयएल-१७ किंवा टीएनएफच अडवते, कारण तिथे आयएल-२३ च्या औषधांनी निराशा केलीय. उलट क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याचा आजार असेल, घरात कुणाला असेल, किंवा महिनोन् महिने जुलाब आणि रक्त पडत असेल, तर आयएल-१७ अडवणं टाळते. आतड्याच्या अस्तराला त्या निरोपाची गरज असते. आयएल-१७ च्या औषधांवर तोंडात किंवा योनिमार्गात बुरशी येऊ शकते. ती सहसा साध्या औषधाने बरी होते. न लाजता सांगायला हवं, इतकंच.

आपल्याकडे टीबीचा विचार सगळ्यात आधी. देशव्यापी पाहणीत १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू निद्रिस्त असल्याचं दिसलं. शरीर त्या जंतूंभोवती पेशींची गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतं, आणि ती गाठ घट्ट धरून ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. टीएनएफ अडवला की गाठ सैल पडते. अडॅलिम्युमॅब, इन्फ्लिक्सिमॅब देताना आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो ते यालाच. आयएल-१७ आणि आयएल-२३ च्या औषधांत हा धोका बराच कमी आहे, तरी छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची तपासणी केल्याशिवाय मी कुणालाही पहिलं इंजेक्शन देत नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून दार बंद होत नाही; टीबी-प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येतं. हेपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांच्याही तपासण्या होतील.

काढ्याविषयी. सासूबाईंच्या मायेबद्दल शंका नाही. पण ज्या वर्तुळाचा जोर आपण कमी करू पाहतोय, त्याला 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' म्हणून काही द्यायचं कशाला? शिवाय मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर असतो. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी मेथोट्रेक्सेटवर असलेल्या बाईला रोज काढा, हे मी चालवून घेणार नाही. तो बंद करा आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या.

खर्चाचं दडपण तुमच्या शब्दांत जाणवतं. इंजेक्शन झेपणारं नसेल तर हाती काही उरत नाही असं समजू नका. ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड यूव्हीबी किरणं त्वचेतल्या टी-पेशी कमी करतात. गर्भारपणातही ही किरणं देता येतात, फक्त फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं. अप्रेमिलास्ट हे गोळीचं औषध पेशीच्या आतल्या बाजूने निरोपांचं उत्पादन घटवतं, पण गर्भारपणात ते टाळतात. टीएनएफ अडवणाऱ्या अडॅलिम्युमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती २०१४ मध्ये भारतातच आली, आणि त्यानंतर हे औषध पुष्कळ जणांच्या आवाक्यात आलं.

आणि दुसऱ्या मुलाचा विचार पक्का असेल, किरणांनी भागत नसेल, तर सर्टोलिझुमॅबबद्दल विचारा. हेही टीएनएफच अडवतं, पण बाकीच्या प्रतिपिंडांना वारेतून पलीकडे जायला ज्या शेपटीचा उपयोग होतो ती शेपटी याला नाही, म्हणून ते बाळापर्यंत जवळजवळ पोचत नाही. टीबीची तपासणी याच्याआधीही तितकीच काटेकोर हवी. पुढच्या भेटीला जाताना मेथोट्रेक्सेटची शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख, पाळीची तारीख आणि काढा किती दिवस चालू होता, हे एका कागदावर लिहून न्या.